थंडीतली घोड्याची अंघोळ



गळीत हंगाम ऐन भरात आहे. तोडणी, भरणी, काट्यावरची रांग, वजनाची पावती या गडबडीत घोड्यावरचा लेख वाचायला सवड कुणाला, असे मी संपादक मंडळींना म्हटले. ऊस, खोडवा, खताची मात्रा यांवर आपले शेतकी खाते दर अंकात लिहितेच. पण ते म्हणाले, "दरसाल थंडीत दोन-चार सभासद घोडं आजारी पडल्याचं सांगत येतात. तुमच्यावर प्रसंग गुदरलाय, तर तुम्हीच लिहा." म्हणून लेखणी उचलली. मी पशुवैद्य नव्हे. जे सांगतो ते स्वतःच्या अंगावर आलेले आणि मागाहून डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे.

आपल्या भागाला घोडे नवीन नाही. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचे आपण भाषणांतून ऐकत आलो. त्याच वंशाची तट्टे आजही मेंढपाळ धनगरांचा सगळा संसार पाठीवर वाहतात, आणि भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीतही आली आहे. शेतकऱ्याच्या दारात मात्र आता घोडी असते ती हौसेची, नाहीतर वरातीची. आणि घोटाळा असा की, लग्नाच्या तिथी, घोड्यांचे बाजार आणि कडाक्याची थंडी हे सगळे मार्गशीर्षाच्या आगेमागेच गाठ घालते. म्हणजे घोडे उजळ दिसायला हवे ते नेमके ज्या दिवसांत त्याला भिजवू नये त्या दिवसांत.

आता माझी चूक सांगतो.

२०१२ सालची गोष्ट. उसाचे शेवटचे बिल हाती आले, त्यात थोडी भर घालून मी एक पांढरी घोडी घेतली. धाकट्याची कॉलेजची फी नुसत्या शेतीवर भागत नव्हती. वरातीच्या सुपाऱ्या मिळाल्या तर तेवढे तरी निघेल असा हिशेब. घोडी मोठी गुणी. बँड वाजो की फटाके फुटोत, जागची हलायची नाही. गल्लीतली पोरे तिच्या पोटाखालून पळायची. त्या मार्गशीर्षात आठ सुपाऱ्या ठरल्या होत्या आणि सगळ्यांचा इसार घेऊन झाला होता.

पहिल्याच सुपारीच्या दिवशी आमच्या रानात तोडणीची टोळी आली. त्यात दुपार गेली. चार वाजता पाहतो तर घोडी रात्री शेणात लोळलेली, एक कूस पिवळीधमक. पांढरे जनावर, लपणार कसे? कालव्यावर न्यायला सोडली तेव्हा धाकटा म्हणाला, "आप्पा, ऊन कललंय. आता नगं भिजवायला. ओल्या फडक्यानं डाग तेवढा पुसून घेऊ."

मी खेकसलो. "लोकांच्या लग्नात शेणाची घोडी न्यायची व्हय रं?"

पोरगा गप्प बसला. कालव्यात पोटभर पाण्यात तिला उभी केली, कपडे धुवायची पावडर चोळली, वरून बादल्या ओतल्या. घोडी लख्ख निघाली. वाऱ्यावर वाळेल म्हणून ओल्या अंगावरच झूल टाकली, वर जरीचा साज चढवला आणि उघड्या टेम्पोत घातली. वाटेत अर्धा तास तोंडावर वारा. मांडवाशी पोचलो तोवर दिवस मावळला होता. नवरदेवाची तयारी व्हायला उशीर, तसा तो होतोच. दीड तास घोडी मारुतीच्या देवळामागे उभी.

तिच्या मांड्या थरथरू लागल्या. मला वाटले, बँडला बिचकली असेल. मग तिने शेपूट मागच्या पायांत घट्ट धरले आणि मान खाली घातली. कान हाताला लागले ते बर्फासारखे गार. तरीही मी मिरवणूक उरकली. सुपारी घेतली होती ना! हे लिहिताना आजही लाज वाटते.

रात्री घरी आल्यावर चंदीला तोंड लावेना. कडबा हुंगून सोडला. आम्ही तबेल्याची दारे-झरोके बंद केले, कोपऱ्यात शेकोटी पेटवली, धुराने तिला आणखी ठसका लागला. झुलीवर आणखी एक पांघरूण टाकले. आमची आई तेव्हा ऐंशीच्या घरात. ती काठी टेकत आली, झुलीखाली हात घातला आणि म्हणाली, "आरं, ही तर अजून वलीच हाय!" केस मुळापर्यंत गच्च. ओल्या झुलीवर पांघरूण घालून आम्ही ती ओल आत कोंडून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी ताप १०४ फॅरनहाइटवर गेला, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, छातीला नळी लावली आणि न्यूमोनिया म्हणाले. एकवीस दिवस इंजेक्शने, औषधे चालली. घोडी वाचली, पण राहिलेल्या सातही सुपाऱ्यांचा इसार परत करावा लागला आणि फी उसनवारीवर भरली. पोराने एका शब्दाने 'मी सांगितलं होतं' असे म्हटले नाही. म्हटले असते तर बरे वाटले असते.

पाण्याने नव्हे, ओलीने

घोडी उठून खायला लागल्यावर मी डॉक्टरांना विचारले, "कालव्याचं पाणी गार होतं, त्यानं झालं का?" ते म्हणाले, "पाणी दहा मिनिटांचं. ती ओली किती वेळ होती ते सांगा." मी मोजले. चार वाजल्यापासून आई आली तोवर, म्हणजे जवळजवळ सहा तास.

त्यांनी मग समजावले ते असे. रोगाचे जंतू नाका-घशात बहुधा असतातच. अंग तासन् तास गारठून राहिले, त्यावर प्रवासाचा आणि कामाचा ताण आला, की शरीराची ताकद कमी पडते आणि जंतूंचे फावते. गारठण्याचे मूळ होते अंगावर राहिलेले पाणी. पाणी आपोआप वाळत नाही, त्याला उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी खर्ची पडतात. आपल्या भाषेत सांगायचे तर विहिरीचे सात-साडेसात लिटर पाणी खळखळा उकळायला जेवढा जाळ लागेल तेवढी. ही उष्णता उन्हाने पुरवली तर ठीक. पण जनावर सावलीत, वाऱ्यात उभे असेल तर ती बहुतेक त्याच्या अंगातूनच ओढली जाते. म्हणजे घोड्याच्या अंगावरचे एक लिटर पाणी हाताने निपटून काढले की त्याच्या पोटातला तेवढा जाळ वाचला! त्या दिवसापासून मी घोडी धुण्यापेक्षा निपटण्याकडे जास्त लक्ष देतो.

दुसरी गोष्ट केसांची. हिवाळ्यात घोड्याचे केस वाढतात, दाट होतात आणि गारवा लागला की उभे राहतात. उभ्या केसांमध्ये हवा कोंडते आणि तीच ऊब धरते. घोंगडीचेही तसेच, ऊब लोकरीत अडकलेल्या हवेची. शिवाय कातडीतून झिरपणारे तेल केसांना लागलेले असते, त्यामुळे किरकोळ दव-पाऊस वरच्यावर ओघळून जातो. आपण काय करतो? पावडर लावून ते तेल काढून टाकतो, आणि पाणी ओतून केस अंगाला चिकटवतो. ऊब धरणारी हवा गेली, राहिले ओले कातडे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मीही तेच म्हणत असे. कोरड्या केसांचे धडधाकट घोडे साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंत फारसे कष्ट न घेता ऊब राखते. भिजलेले असेल आणि वारा असेल, तर हीच मर्यादा १५ अंशांच्या आसपास येते. मार्गशीर्ष-पौषात आपल्या रानात, विशेषतः कालव्याकाठी आणि उसाच्या ओल्या पट्ट्यात, दिवेलागणीनंतर पारा त्याच्या खाली सहज जातो. तेव्हा कोरड्या घोड्याला जी हवा सुखाची वाटते, तीच ओल्या घोड्याला सोसत नाही.

आम्ही आता कसे करतो

पहिला प्रश्न, अंघोळ हवीच का? दहातल्या आठ वेळा नको असते. कोरड्या अंगावर जोरात खरारा मारला, मग ब्रश फिरवला की धूळ, कोंडा, सुटे केस निघतात आणि अंगाला चकाकी येते ती त्याच्याच तेलाची. ती साबणाने येत नाही. शेणाचा डाग असेल तेवढीच जागा धुवावी. वरातीआधी उजळ करायची असेल तर आम्ही गरम फडक्याने पुसतो. कढत पाण्यात जाड फडके बुडवायचे, इतके पिळायचे की थेंब पडता कामा नये, आणि केसांच्या उलट-सुलट दिशेने चोळायचे. फडके काळे होते, घोडे स्वच्छ होते आणि कातडीपर्यंत पाणी पोचत नाही. लागलीच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. धाकटा त्या दिवशी हेच म्हणत होता.

तरीही अंघोळ घालायचीच, तर दिवस पाहून घालावी. निरभ्र ऊन, वारा पडलेला. अकराच्या सुमारास सुरुवात करावी, म्हणजे वाळायला तीन-चार तासांचे ऊन हाताशी राहते. आमचा नियम आहे की एक वाजून गेला तर अंघोळ दुसऱ्या दिवशी. उभ्या उसाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, ऊन येईल अशा बाजूला घोडे बांधावे. आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून अंग मोकळे करावे, पण घाम येईपर्यंत नव्हे.

पाणी कोमट. लहान मुलाला न्हाऊ घालताना बायका कोपर बुडवून पाहतात, तसेच पाहावे. कोपराला सोसवले की घोड्याला सोसवले. कढत पाण्याने ऊब येते हा गैरसमज आहे. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी थांबताच अंगातली उष्णता आणखी वेगाने निघून जाते. गुऱ्हाळ चालू असेल तर चुलवाणावर हंडा ठेवावा, नाहीतर दोन बंब लागतातच. पाणी अर्ध्यात संपले तर साबण अंगावर आणि घोडे उघडे, अशी फजिती होते. पाणी पुरेसे तापल्याशिवाय सुरुवातच करू नये.

खुरांपासून वर यावे. पायावर पाणी पडले की जनावर सावध होते, दचकत नाही. मग एका वेळी एकच भाग घ्यायचा. डावी मान आणि खांदा धुतला, साबण निघेपर्यंत खळबळून घेतला, निपटला, पुसला, वर घोंगडी ओढली. मग बरगडी. मग मागचा पुठ्ठा. तोवर उजवी बाजू कोरडी आणि झाकलेली. पाठ आणि कंबर शेवटी, आणि शक्य तर मुळीच भिजवू नये. कंबरेवरचे मोठे स्नायू गारठले की घोडे ताठते. तोंड नुसत्या ओल्या फडक्याने पुसावे, कानात पाणी जाऊ देऊ नये. आयाळ आणि शेपूट वेगळ्या दिवशी धुतलेलेच बरे. कपड्याची पावडर कधीच वापरू नये. ती केसांच्या मुळाशी राहते, खाज सुटते आणि घोडे अंग घासून केस घालवते.

निपटायला बाजारात अर्धगोल पट्टी मिळते. आमच्याकडे ती नव्हती तेव्हा बांबूची गुळगुळीत तासलेली कांब वापरली. तीही नसेल तर तळहाताची कड दाबून ओढावी. पोटाखाली आणि पुढच्या दोन पायांमध्ये पाणी साठून थेंब गळत राहतात, तिथे दोनदा फिरावे. नंतर जुनी धुतलेली बारदाने. साखरेचे तागाचे बारदान दोन-तीनदा धुतले की मऊ होते आणि पाणी चांगले ओढते. आईच्या जुन्या लुगड्यांनीही आमचे पुष्कळ काम केले आहे. घासायचे ते जोर लावून, हात भरून येईपर्यंत. त्या चोळण्यानेच कातडीला ऊब येते.

यापुढची युक्ती एका वृद्ध मेंढपाळाने शिकवली. त्यांचा वाडा आमच्या खोडव्यात बसला होता. तट्टू पावसात भिजले की ते काय करतात हे मी विचारले, तर म्हणाले, "घोंगडं नुसतं नाही टाकायचं बाबा. खाली गवात पायजे." ओलसर पाठीवर सुक्या गवताचा किंवा गव्हाच्या काडाचा हातभर थर पसरायचा आणि वरून घोंगडी सैल बांधायची. गवतामुळे खाली हवा खेळती राहते, अंगातली वाफ गवतातून वर चढते आणि घोंगडीच्या वरच्या बाजूला दहिवरासारखी दिसते. तासाभरात गवत काढले की खाली केस कोरडे! पुढे डॉक्टरांना सांगितले तर ते म्हणाले, परदेशातल्या तबेल्यांतही ही रीत आहे. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. सुती झुलीचे तसे नाही, ती भिजली की गारच. प्लॅस्टिकचा कागद तर टाकूच नये, वाफ आत कोंडून घोडे पुन्हा ओले होते. घोंगडी दमट झाली की बदलावी. म्हणून दोन लागतात.

काडाऐवजी कारखान्यावरचे जुने चिपाड किंवा रानातले पाचट वापरू का, असे एकदोघांनी विचारले. नको. ढिगात राहिलेल्या चिपाडाला बुरशी धरते. त्या धुळीने माणसाच्याही छातीला रोग होतो, मग घोड्याच्या फुप्फुसाचे काय? पाचटाची धार कातडीला ओरखडते.

अंघोळीनंतर घोडे खुंट्याला बांधून ठेवू नये. उन्हात हळूहळू फिरवावे. फिरवताना मधून मधून घोंगडीखाली हात घालून पाहावे. छाती, कोपराच्या मागची जागा आणि कानांची मुळे पाहायची. वरचे केस वाळलेले दिसतात, पण बोटे मुळाशी घातली की खरे कळते. कानाची मुळे गार, मांड्यांना थरथर, शेपूट आत ओढलेले, असे दिसले तर बाकी सगळे सोडून आधी पुसायला लागावे आणि फिरवावे.

खाणे म्हणाल तर आधी कडबा किंवा वाळले गवत. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो आणि त्यातून तासन् तास ऊब निघत राहते. गुळाचा खडा देण्याची आपली रीत आहे, खडाभर द्यायला हरकत नाही, पण गुळाने रात्र निघत नाही. गारठले म्हणून चंदी दुप्पट करणारे लोक आहेत, त्यांनी घोड्याला पोटशूळ किंवा खुरांची सूज लावून घेतलेली मी पाहिली आहे. प्यायचे पाणी थोडे कोमट करावे. गार पाणी घोडे कमी पिते आणि कोरड्या कडब्यावर पाणी कमी पडले की आतड्यात गोळा अडकतो. तबेल्यात अंगावर वारा येऊ नये, पण वरचा झरोका उघडाच हवा. आम्ही केली तशी दारे लावून शेकोटी करू नये.

शिंगरू, म्हातारे किंवा रोड झालेले घोडे, आजारातून उठलेले, दिवस भरत आलेली घोडी आणि नुकतेच केस कापलेले जनावर यांना थंडीत अंघोळच नको. प्रत्येक घोडेवाल्याच्या घरी जनावरांचा थर्मामीटर असावा. विसावलेल्या घोड्याचा ताप ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट, श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडी २८ ते ४४ हे आकडे तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावेत. ताप १०२ च्या वर दिसला, किंवा घोड्याने एक वेळचा चारा टाकला, तर डॉक्टरांना बोलवावे. मी तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली होती.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जाणारे आपल्यात काहीजण आहेत. तापीकाठी पहाटे घोडी धुताना पाहून आपल्यालाही हुरूप येतो. परंतु रात्रभर ट्रकमधून आलेले घोडे दमलेले, घामेजलेले, तहानलेले असते. त्याला आधी पाणी, चारा आणि विसावा द्यावा, दुपारच्या उन्हात मग काय ते करावे. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची कातडी नाजूक, केस आखूड असतात, त्यांना तर भीमथडीपेक्षा अधिक जपावे लागते. विकत घेणाऱ्यानेही पहाटे धुतलेल्या घोड्याच्या झुलीखाली एकदा हात घालून पाहावा. घोडे कसे ठेवले आहे ते तिथेच समजते.

आमची घोडी आता म्हातारी झाली. वरात बंद केली, पण दारात आहे. धाकटा शिकून नोकरीला लागला, तरी हिवाळ्यात सुट्टीला आला की खरारा त्याच्याच हातात असतो. गेल्या खेपेला शेजारच्या गटातल्या एका सभासदाचा दुपारी तीनला फोन आला. संध्याकाळी वरात होती, घोडी मळलेली, अंघोळ घालायला गरम पाणी किती लागेल असे विचारत होता. मी फोन पोराकडे दिला. तो म्हणाला, "काका, ऊन कललंय आता. पुसून न्या."

— एक ऊस उत्पादक सभासद